हॅलोवीन अंगावर येतो अशा मुलांसाठी तयारीची यादी

हॅलोवीन म्हणजे सोंगं घेऊन घरोघरी गोळ्या मागत फिरायचा सण. ३१ ऑक्टोबरची ही संध्याकाळ अमेरिकेतल्या आपल्या मुलांच्या डोक्यात सप्टेंबरपासूनच सुरू होते. घरात ऑटिझम (स्वमग्नता), एडीएचडी (लक्ष एकाग्र न होणं, अतिचंचलपणा) किंवा सेन्सरी त्रास (आवाज, उजेड, स्पर्श सहन न होणं) असलेलं मूल असेल, तर आईबाबांनीही तेव्हाच कामाला लागावं. मुलाला सगळं सोसायची सवय लावायची नाही. त्या संध्याकाळी जे जे टोचणार आहे, त्यातलं जमेल तेवढं आधीच काढून टाकायचं.

सुरुवात कॉस्च्यूमपासून. तयार कॉस्च्यूम बहुधा पॉलिस्टरचा असतो. मानेमागे लेबल, काखेत जाड शिवण, गळ्याशी वेलक्रो. लेबल कात्रीने कापू नका, टाके उसवून मुळापासून काढा. कापलेलं खुंट जास्त बोचतं. दोनदा धुवा, आत रोजचा मऊ टीशर्ट घाला, आणि तो पोशाख घालून मुलाला घरात जेवू दे, सोफ्यावर लोळू दे, बाथरूमला जाऊन येऊ दे. तरीही नको म्हणालं, तर डायनोसॉरचं चित्र असलेला नेहमीचा टीशर्ट हाच कॉस्च्यूम. मास्क मात्र नकोच. त्यात कोंडल्यासारखं होतं, बाजूचं दिसत नाही, आणि रस्ते तर ओलांडायचेच असतात. ४२ वर्षांच्या अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अमेरिकेत हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका आदल्या आणि पुढच्या आठवड्यातल्या त्याच वारापेक्षा ४३ टक्के जास्त आढळला. तेव्हा रिफ्लेक्टिव्ह टेप पुढे लावाल तशी पाठीवरही लावा.

आठवडाभर आधी गल्लीतून एक फेरी दिवसा मारा, एक अंधार पडल्यावर. जवळ गेलं की किंचाळणारं भूत कुठल्या अंगणात आहे, झपझप उघडझाप करणारा स्ट्रोब लाइट कुठे लावलाय, हे बघून ती घरं वगळा. मुलाला फिट्स येत असतील तर स्ट्रोबच्या बाबतीत जराही सूट नको. ओळखीची चार-पाच घरं पुरेत. जवळपास तळं किंवा स्विमिंग पूल असेल तर त्या बाजूला जाऊच नका. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत, ऑटिझम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी नजर चुकवून निघून जायचा प्रयत्न केला होता. बाहीच्या आत तुमचा फोन नंबर लिहा, आणि या एका मुलावर लक्ष ठेवायला एक मोठं माणूस वेगळं ठेवा. त्या माणसाने भावंडांना सांभाळायचं नाही, फोटोही काढायचे नाहीत.

आता दारावरची तालीम. ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त वेळा टाळली जाणारी. एरवी दार उघडलं की आपण आत जातो, चपला काढतो, बसतो. मग आजच उंबऱ्याबाहेर का थांबायचं? म्हणून पुष्कळ मुलं सरळ समोरच्याच्या दिवाणखान्यात शिरतात. आपल्याच दारावर सराव करा. आजी आत, मूल बाहेर. बेल वाजवायची, पिशवी पुढे करायची, एक गोळी घ्यायची, वळायचं. दारात ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणून गोळी मागतात; मूल बोलत नसेल तर ते शब्द लिहिलेलं कार्ड द्या, किंवा बोलण्यासाठी वापरतं त्या टॅबलेटवर ते बटण तयार ठेवा. गोळ्या जमवायच्या निळ्या बादलीवरून मूल ऑटिस्टिक असल्याचं ओळखावं, अशी एक पद्धत गेल्या काही वर्षांत पसरली आहे. मला ती फारशी पटत नाही. गोळी मिळवण्यासाठी मुलाने आपलं निदान हातात धरून का फिरावं? मुलाला स्वतःला ती हवी असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्या दारी येणाऱ्यांसाठीही तयारी हवी. भारतातून आलेले आजी-आजोबा हौसेने दार उघडतात, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा: ‘नाव काय बाळा? बोल की!’ असा आग्रह नको, गालाला हात नको, उंच झालेल्या मुलाला वय विचारायचं नाही. गोळ्या खोल भांड्यात न ठेवता ताटात पसरून ठेवा, म्हणजे दिसतात आणि निवडता येतात. ज्या मुलांना खाऊ चालत नाही त्यांच्यासाठी स्टिकर, पेन्सिली ठेवा आणि दाराशी हिरवट निळा भोपळा मांडा. २०१२ साली टेनेसीत सुरू झालेली ही खूण आता बऱ्याच जणांना कळते. आणि आपलं मूल बाहेर जायला तयारच नसेल, तर या ताटापाशी बसून गोळ्या वाटणं हाही पुरता हॅलोवीन आहे.

न्यू जर्सीत त्या दिवशी सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. पाचला निघा, पोट भरून, कानांवर हेडफोन घेऊन. ‘पुरे’ सांगायची एक खूण ठरवा, आणि ती केली की दुसऱ्या घराच्या पायरीवरूनही परत फिरा. ‘अजून एकच’ म्हणू नका, नाहीतर पुढच्या वर्षी त्या खुणेवर मुलाचा विश्वास राहणार नाही.

२०२६ मध्ये हॅलोवीन शनिवारी आहे आणि त्याच रात्री घड्याळं तासभर मागे जातात. झोपेचा विचका व्हायला हे पुरेसं आहे, म्हणून रविवारी कुणाकडे जेवायला जायचं कबूल करू नका.