‘थाळी वाजवली की वळतो की!’ : ऑडिओलॉजीला येऊ पाहणाऱ्यांसाठी

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीनं बारावीचा निकाल लागल्यावर जिन्यात गाठून विचारलं, "ताई, तुमचा तो कानाचा कोर्स मी करू का?" तिच्या आईच्या मते मी कानाची डॉक्टर, वडिलांच्या मते मी मशीन विकते. दोघांचंही चुकतंय. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये बसते आणि अधूनमधून नवी मुंबईतल्या कारखान्यांत कामगारांचे कान तपासायला जाते. पडदा शिवणं, औषध देणं हे ईएनटी डॉक्टरांचं काम. किती ऐकू येतं, कुठल्या स्वराला येत नाही, बिघाड नेमका कुठल्या टप्प्यावर आहे आणि पुढे मशीन, इम्प्लांट की थेरपी, हे शोधणं आमचं. जिन्यात एवढंच सांगून झालं. उरलेलं इथे लिहिते.

आधी कान. पहिल्या वर्षी शरीररचना घोकताना कंटाळा येतो, कारण एक प्रश्न कुणी विचारतच नाही: मधल्या कानात ती तीन इवलीशी हाडं हवीतच कशाला? पोहताना डोकं पाण्याखाली घातलं की काठावरची बडबड कशी नाहीशी होते, ते आठवा. हवेतला आवाज पाण्यात शिरत नाही, बहुतेक सगळा पृष्ठभागावरूनच परत फिरतो. आणि आपला आतला कान तर द्रवानंच भरलेला. म्हणून मध्ये हातोडी, ऐरण आणि रिकीब. पडद्याचं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या साधारण १७ पट. मोठ्या पडद्यावरचा जोर एवढ्याशा जागेत एकवटतो, त्यात हाडांच्या तरफेची थोडी भर पडते, आणि २५ ते ३० डेसिबलची कमाई होते. पडदा फाटला, त्यामागे पाणी साचलं किंवा रिकीब जागच्या जागी घट्ट बसली, की ही कमाई बुडते. हा कंडक्टिव्ह दोष. मळाचा बोळाही यातलाच. यातलं बरंच काही औषधानं किंवा ऑपरेशननं सुधारतं, म्हणून हे पेशंट हसत घरी जातात.

खरी गंमत पुढच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखात. अडीच वेढ्यांची ही नळी उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या दारापाशी तार स्वर उमटतात, टोकाला खर्ज. शंखाच्या आतल्या पातळ पडद्यावरून (कानाचा पडदा वेगळा) लाट कशी सरकते हे दाखवून दिल्याबद्दल शास्त्रज्ञ बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. आत केसपेशींच्या रांगा: आतली एक रांग सुमारे साडेतीन हजारांची, ती मेंदूकडे निरोप धाडते, बाहेरच्या तीन रांगांत मिळून बाराएक हजार, त्या बारीक आवाज फुगवून देतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वय, गोंगाट, जेंटामायसिन-अमिकासिनसारखी इंजेक्शनं, नवजात बाळाची वाढलेली कावीळ, मेंदूज्वर, नात्यातल्या लग्नांतून जुळून येणारे जनुकीय दोष, सगळ्यांचा घाला बहुधा इथेच, फार तर पुढच्या नसेवर. हा सेन्सोरीन्यूरल दोष.

दोन्ही ओळखायची युक्ती साधी आहे. एकदा हेडफोनमधून ऐकवायचं, एकदा कानामागच्या हाडावर कंपक ठेवून. हाडावरून ऐकू येतंय आणि हवेतून येत नाहीये, तर अडथळा वाटेत आहे. दोन्हीकडून सारखंच कमी, तर बिघाड आत. हजार हर्ट्झपासून सुरुवात, ऐकू आलं की १० डेसिबल खाली, नाही आलं की ५ वर. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. आठवडाभरात हात बसतो. मास्किंग मात्र रडवतं. एका कानात मोठा आवाज सोडला की तो कवटीतून पलीकडे पोचतो आणि चांगला कानच बटण दाबून मोकळा होतो, मेलेल्या कानाचा फुकट आलेख तयार! ४० डेसिबलचा फरक दिसला की दुसऱ्या कानात खरखर सोडायची, हे मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं. तुम्हीही लिहा.

आता माझी फजिती. नोकरीचं पहिलं वर्ष. रबाळ्याच्या एका कारखान्यात चाळीस कामगार एका दिवसात तपासायचे होते. खोली मिळाली कॅन्टीनला लागून, भिंतीपलीकडे कंप्रेसर. माणसं प्रेस शॉपमधून जेवणाच्या सुट्टीत येत होती, घाम पुसत बसत होती, बटण दाबत होती. संध्याकाळी माझ्याकडे चाळीस आलेख. बहुतेकांना ४००० हर्ट्झला खड्डा, शिवाय ५०० लाही ऐकणं घसरलेलं. गोंगाटाचं बहिरेपण पुस्तकात असतं तसंच! मी रिपोर्ट टाइप करून माझ्या वरिष्ठ मॅडमना नेऊन दिला. त्यांनी आलेख पाहिलेसुद्धा नाहीत. विचारलं, "किती वाजता तपासलंस? शिफ्टमधनं उठून आले होते का?"

गोंगाटातून बाहेर आलेला कान काही तास सुन्न असतो. तो सुन्नपणा उतरायला वेळ द्यावा लागतो. म्हणून कायमचं नुकसान मोजायचं तर आधी किमान १४ तास शांततेत गेलेले हवेत. आणि ५०० हर्ट्झची घसरण माणसांची नव्हतीच, ती कंप्रेसरची घरघर होती. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी पहाटे, शिफ्ट चढायच्या आधी, आवाजबंद बूथवाली गाडी नेऊन सगळे पुन्हा तपासले. ५०० चं दुखणं पळालं. बऱ्याच जणांचा खड्डा उथळ झाला. काहींचा मात्र तसाच राहिला, आणि ते खरे. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे, ९५ ला चारच तास. जगात अनेक ठिकाणी ८५ च धरतात. पण इयरप्लग खिशात ठेवून काम करणाऱ्याला यातला कुठलाच आकडा वाचवत नाही.

(दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी ‘कानात शिट्टी वाजतेय’ म्हणत पोरं येतात. त्यांची तीच सुन्न झालेली अवस्था असते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे म्हटलं की ती हसतात. मीही हसते, काय करणार.)

तेव्हापासून एका चाचणीवर विसंबत नाही. शब्द ऐकवून जी पातळी मिळते ती ५००, १००० आणि २००० हर्ट्झच्या सरासरीशी साधारण १० डेसिबलच्या आत जुळायला हवी. नाही जुळली तर कुणीतरी खोटं बोलतंय: मशीन, माझा हात, नाहीतर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आलेला माणूस. आलेख चांगला आणि टिम्पॅनोग्राम (कानाचा पडदा किती हलतो त्याचा आलेख) सपाट, तरी थांबायचं.

लहान मुलांत तर हे फारच जपावं लागतं. ऐरोलीहून एक आजी नातवाला घेऊन आल्या. दीड वर्षाचा, एकही शब्द नाही. आजी ठाम: "ऐकू येतं हो त्याला, थाळी वाजवली की वळतो की! ह्याचा बापसुद्धा उशिराच बोलला." आजी खोटं बोलत नव्हत्या. स्टीलची थाळी जोरात आपटली तर खालचे स्वर ऐकू येणारं मूल वळणारच. कधीकधी ते सावली पाहूनही वळतं. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ त्याच्यापर्यंत पोचतच नसतील तर शब्द येणार कुठून? ओएई, म्हणजे बाहेरच्या केसपेशींचा प्रतिसाद टिपणारी चाचणी केली, काहीच प्रतिसाद नाही. मग बेरा, म्हणजे आवाजाला नस आणि मेंदू काय प्रतिसाद देतात ते टिपणारी चाचणी. बेरासाठी मूल झोपलेलं हवं. ‘जागं ठेवून आणा’ सांगतो, आणि ते हमखास रिक्षात झोपून क्लिनिकच्या दारात टक्क जागं होतं. तीन खेपा झाल्या. बेरातही तेच निघालं. ओएई चांगली आणि बेरा सपाट, असाही प्रकार असतो, त्यात दोष नसेत असू शकतो. नुसत्या ओएईवर ‘पास’ म्हटलेलं अतिदक्षता विभागातलं बाळ तिथेच निसटतं. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन, असा हिशेब आहे. आजींचा नातू वर्षभर उशिरा आला. कानात मशीन बसवून दुसऱ्या आठवड्यात तो प्रेशर कुकरच्या शिट्टीला दचकून रडला, हे सांगायला आजींचाच फोन आला.

एक गोष्ट मात्र पाठ करूनच या. ‘सकाळी उठलो तर एक कान बंद’ म्हणणाऱ्याला मळ म्हणून थेंब देऊन परत पाठवू नका. ५१२ चा ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवा. आवाज बंद कानाकडे गेला तर बहुधा मळ किंवा पाणी. चांगल्या कानाकडे गेला तर त्याच दिवशी ईएनटीकडे. स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो सुरुवातीच्या दिवसांतच.

आता कोर्सचं. बारावी सायन्स, मग बीएएसएलपी, म्हणजे ऑडिओलॉजी आणि वाचा-भाषेची पदवी: चार वर्षं, शेवटचं इंटर्नशिपचं. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असल्याशिवाय प्रॅक्टिस नाही, म्हणून कॉलेजला मान्यता आहे का ते प्रवेशाआधी पाहा. ठाण्याहून रोज जाता येईल अशी अली यावर जंग संस्था वांद्र्याला आहे, नायर रुग्णालयातही अभ्यासक्रम आहे. निम्मा कोर्स वाचा-भाषेचा असतो, हे कुणी आधी सांगत नाही. तोतरेपणा, पक्षाघातानंतर गेलेली भाषा, सगळं करावं लागतं. मराठी नीट येत असेल तर इथे पगाराहून जास्त कामी येतं, कारण पनवेलच्या आगरी आजोबांना ‘बीप’ म्हणजे काय हे तुम्हालाच समजवायचंय.

पहिली नोकरी मशीनच्या दुकानात घेऊ नका, हे माझं मत. मी सात महिने एका ठिकाणी काढले. महिन्याला इतकी मशीन गेलीच पाहिजेत असं टार्गेट होतं, आणि मळ काढल्यावर ऐकू येणाऱ्या माणसालाही किंमत सांगायला लावायचे. दोन वर्षं रुग्णालयात घालवा. पगार कमी असेल, पण दिवसाला तीस कान दिसतील.

सोसायटीतल्या त्या मुलीला शनिवारी दुपारी बोलावलंय, तेव्हा क्लिनिकमध्ये गर्दी नसते. ती ट्रान्स-हार्बरच्या लोकलनं येते, कानात इयरफोन घालूनच. आधी तिलाच बूथमध्ये बसवणार आहे.