मर्सेन संख्या मूळ आहे का, हे कसे तपासावे

मोठी संख्या मूळ आहे का हे पाहण्यासाठी तिला वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागत जावे, हा सल्ला आजही सर्रास दिला जातो आणि ३९ अंकी संख्येपुढे तो पूर्णपणे निरुपयोगी ठरतो. मर्सेन संख्या म्हणजे २^प − १ या रूपातील संख्या. त्यांपैकी २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे फ्रेंच गणितज्ञ एदुआर लूकास यांनी १८७६ मध्ये संगणकाशिवाय दाखवले, ते असल्या भागाकारांनी नव्हे. त्यांच्या पद्धतीला पुढे गणितज्ञ लेमर यांनी जे सुटसुटीत रूप दिले, तेच वापरावे.

घातांक प ही विषम मूळ संख्या असल्याची खात्री करून घ्या. प संयुक्त असेल तर २^प − १ देखील संयुक्तच असते. त्यानंतर ४ पासून सुरुवात करून प्रत्येक वेळी वर्ग करा, २ वजा करा आणि २^प − १ ने भागून उरलेली बाकी पुढे न्या. हे प − २ वेळा केल्यावर बाकी शून्य आली, तरच संख्या मूळ.

खरी अडचण बाकी काढण्यात आहे. येथे भागाकार करूच नये, असे माझे ठाम मत आहे. २^प ला २^प − १ ने भागल्यास बाकी १ उरते. म्हणून आलेल्या संख्येला २^प ने भागून मिळणारा भागाकार आणि उरलेली बाकी यांची नुसती बेरीज केली की काम होते. द्विमान पद्धतीत तर हे शेवटचे प अंक तोडून उरलेल्या भागात मिळवण्याइतके सोपे आहे. प = ७ घेऊन १२७ ही संख्या तपासू. ४ वरून १४ आणि १४ वरून १९४ येतात. १९४ म्हणजे १ × १२८ + ६६, म्हणून ६७. ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७, म्हणजेच ३५ × १२८ + ७, म्हणून ४२. पुढे १७६२ वरून १३ + ९८ = १११, आणि १२३१९ वरून ९६ + ३१ = १२७.

इथेच सर्वाधिक सावध राहा. या रीतीत शून्य बाकी १२७ या रूपात समोर येते, आणि ती ओळखली नाही तर मूळ संख्या संयुक्त ठरवली जाते. बेरीज २^प − १ एवढी आली की ती शून्यच मानावी. त्याहून मोठी आली तर तीच क्रिया पुन्हा करावी. लहान घातांकांवर रीत पारखून घेतल्याशिवाय मोठ्या घातांकाला हात लावू नका. प = ११ साठी शेवटी १७३६ उरले पाहिजेत, कारण २०४७ = २३ × ८९.

शून्येतर बाकी संख्या संयुक्त असल्याचे सांगते, अवयव मात्र सांगत नाही. २^६७ − १ संयुक्त असल्याचे लूकास यांना ठाऊक होते. तिचे अवयव १९०३ मध्ये गणितज्ञ कोल यांनी दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

अंकसंख्या हवी असल्यास घातांकाला २ च्या दशमान लॉगॅरिथमने गुणून पूर्णांक भागात १ मिळवा. मात्र ०.३०१०३ ही ढोबळ किंमत वापरू नका: २०२४ मध्ये सापडलेल्या २^१३६२७९८४१ − १ या संख्येला तिने ४१०२४३२१ अंक येतात, तर खरे अंक ४१०२४३२० आहेत. येथे ०.३०१०२९९९५७ घ्यावे.