सेंट लुशियाच्या बाजारात या चुका टाळा

जून 2024 मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकातला भारत-ऑस्ट्रेलिया सामना सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावरच्या डॅरेन सॅमी मैदानावर झाला. रोहित शर्माने 41 चेंडूंत 92 धावा काढल्या तोच सामना. तो बघायला आलेले आणि त्यानंतर येत राहिलेले बरेच पाहुणे माझ्या ओळखीतून येतात. मी इथेच राहते, म्हणून त्यांना राजधानी कॅस्ट्रीजच्या बाजारात नेण्याचं काम माझ्याकडे असतं. दर खेपेला त्याच त्या चुका बघून जीव कळवळतो. माणसं लांबचा प्रवास करून येतात आणि बॅग भरून जे नेतात, त्यातलं निम्मं या बेटावर बनलेलंच नसतं.

तोंड उघडताच "किती?"

ही चूक सगळ्यांत जास्त नुकसान करते. इथे दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, अगदी दवाखान्याच्या बाकावर बसतानाही आधी "गुड मॉर्निंग" म्हणतात. दुपारनंतर "गुड आफ्टरनून". म्हाताऱ्या बाईला क्वेयोलमध्ये, म्हणजे इथल्या क्रिओल बोलीत, "बोंजू" म्हटलंत तर ती मान वर करून तुमच्याकडे नीट बघते. यातलं काहीच न म्हणता वस्तू उचलून भाव विचारणं हा इथे सरळ उद्धटपणा धरतात. तुमच्या मनात तसं काही नसतं, पण समोरच्या बाईला ते कसं कळणार?

पुण्याचे एक काका सामना बघायला आलेल्या गटात होते. बाजारासमोरच्या गाळ्यांमध्ये एक वयस्कर बाई वाळ्याच्या चटया घेऊन बसली होती. काकांनी एक चटई उलगडली आणि भाव विचारला. तिने 80 डॉलर सांगितले, काका म्हणाले 40. ती नाही म्हणाली. काका 45 वर आले, मग चटई टाकून चालू लागले. तुळशीबागेत चार पावलं गेलं की मागून हाक येते. इथे आली नाही. बाजाराला एक फेरी मारून काका परतले तेव्हा तिने चटई गुंडाळून मागे ठेवली होती. 80 द्यायची तयारी दाखवली तरी तिने ती काढली नाही.

थोड्या वेळाने काकू एकट्याच गेल्या. आधी नमस्काराचे दोन शब्द बोलल्या, शेजारच्या स्टुलावर टेकल्या आणि ही चटई विणली कोणी, असं विचारलं. मग त्या बाईचं बोलणं थांबेना. गवत कापायचं, वाळवायचं, त्याच्या लांबच लांब वेण्या घालायच्या आणि त्या वेण्या एकमेकींना हाताने शिवत न्यायच्या. चटई तिच्या बहिणीने केली होती, दक्षिणेकडच्या श्वाझेलला. काकूंनी 80 दिले आणि वर एक छोटं गोल आसन त्यांना भेट मिळालं.

माझी पद्धत हीच आहे: आधी नमस्कार, मग "हे कोणी केलं?", आणि भाव सगळ्यांत शेवटी. स्वतः किंवा घरच्यांनी केलेली वस्तू विकणाऱ्या माणसाशी मी घासाघीस करत नाही. दोन-तीन वस्तू एकदम घेतल्या तर "सगळ्यांचे मिळून किती?" एवढं विचारते, बहुतेक वेळा तीच काहीतरी कमी करते. क्रूझच्या धक्क्यावर छापील टी-शर्ट विकणाऱ्याशी हवं तर भाव करा, ते त्यालाही अपेक्षित असतं. पण हाताने विणलेल्या चटईचा अर्धा भाव करणं मला अजिबात पटत नाही, आणि "सगळीकडे असंच करतात" हे उत्तरही पटत नाही.

कुठला डॉलर, हे न विचारणं

इथलं चलन ईस्टर्न कॅरिबियन डॉलर. 1976 पासून एका अमेरिकन डॉलरला 2.70 हा दर बांधलेला आहे. म्हणजे 100 इथले डॉलर साधारण 37 अमेरिकन. जहाजांच्या धक्क्याजवळ, पॉइंट सेराफीनच्या करमुक्त दुकानांत, भाव बऱ्याचदा अमेरिकन डॉलरमध्ये असतो, आत बाजारात इथल्या. "ईसी की यूएस?" हे तीन शब्द पैसे काढण्याआधी विचारा. आणि सुटे ईसी जवळ ठेवा.

'सेंट लुशिया' छापलंय म्हणजे इथलंच, हा समज

फ्रिजवर लावायची चुंबकं, काचेचे छोटे ग्लास, चकचकीत लाकडी मुखवटे यांतलं बरंच कंटेनरमधून येतं आणि बेटाचं नाव त्यावर तिकडेच छापलेलं असतं. मुखवटा घ्यायचाच असेल तर ओला पांढरा रुमाल त्यावर घासून बघा. रंग रुमालावर उतरला तर ठेवून द्या. खरं लाकूडकाम बघायचं असेल तर मॉर्न फॉर्च्यून टेकडीकडे व्हिन्सेंट जोसेफ युडोविक यांचा स्टुडिओ आहे. जमिनीतून निघालेल्या जुन्या मुळांना आणि बुंध्यांना आकार देणारं त्यांचं काम एकदा पाहिलं की नजर तयार होते. मग बाजारात कुणी फसवू शकत नाही. त्याच टेकडीवर जुन्या व्हिक्टोरियन घरात कॅरिबेल बाटिकचं काम चालतं, तिथे मेण लावून कापड रंगवताना समोर बघता येतं.

पत्रा कापून केलेली झाडं, सूर्य, जलपऱ्या दिसतील. ही कला हैतीची, क्रुआ-दे-बुके गावची, जुनी तेलाची पिंपं कापून केलेली. सुंदर असते, जरूर घ्या, फक्त घरी जाऊन ती सेंट लुशियाची म्हणून सांगू नका.

आणि आता मद्रास. लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटींचं हे कापड म्हणजे इथला राष्ट्रीय पोशाख. 'वॉब द्वियेत' हा पायघोळ झगा, डोक्याचा फडका, सगळीकडे ते दिसतं. आपले लोक लेबल बघतात, त्यावर भारताचं नाव दिसतं आणि "हे तर आपल्याकडचंच, फसवतायत" म्हणून ठेवून देतात. मला याचं फार वाईट वाटतं. हे कापड मद्रासच्या किनाऱ्यावरून युरोपी व्यापाऱ्यांनी कॅरिबियनमध्ये आणलं, ते अठराव्या शतकापासून इथे वापरात आहे, आणि इथल्या बायकांनी त्याला स्वतःचा बाज दिला. कापड भारतात विणलेलं असणं ही खोट नाही. बघायचं ते दुसरंच. कापड उलटं करा: विणलेल्या चौकटी दोन्ही बाजूंनी सारख्याच गडद दिसतात, छापलेल्या मागून फिक्या पडतात. हाताला सुती लागतं का बघा. आणि शिलाई कोणाची, ते विचारा. मी नेहमी इथल्या शिंपिणीने शिवलेला तयार कपडाच घेते, नुसतं कापड नाही, कारण इथलं काम त्या शिलाईत आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी 'जुनेन क्वेयोल', म्हणजे क्रिओल दिवस, साजरा होतो. त्याआधीच्या आठवड्यांत आलात तर जे मद्रास एरवी शोधावं लागतं ते जिकडेतिकडे टांगलेलं मिळेल.

देव्हाऱ्यासाठी शंख

गुलाबी ओठाचा मोठा शंख बघितला की आपल्या बायकांचा हात तिकडे जातोच. हा क्वीन काँच. देवघरातला शंख वेगळ्याच जातीचा असतो. क्वीन काँचच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 पासून साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे, काळं प्रवाळही याच करारात येतं, आणि कासवाच्या पाठीच्या वस्तूंचा आंतरराष्ट्रीय व्यापार तर पूर्ण बंद आहे. "सगळे नेतात, कोणी विचारत नाही" असं विकणारा सांगेल. विमानतळावर उत्तर तुम्हाला द्यायचं असतं, त्याला नाही. मी समुद्रातली एकही वस्तू पाहुण्यांना घेऊ देत नाही, यावर माझ्याशी वाद घालून झालेत आणि मी बदललेले नाही. किनाऱ्यावरची वाळू बाटलीत भरणाऱ्यांनाही हेच लागू.

घाई

एक दुपार हातात ठेवून "सगळं उरकू" म्हणणाऱ्यांना मी आधीच सांगते, तुम्हाला टी-शर्टच मिळतील. कॅस्ट्रीजच्या बाजाराचा खरा दिवस शनिवार, तोही सकाळचा. रविवारी शहर बंदच असतं. विणकाम आणि मातीची भांडी हवी असतील तर श्वाझेलला जा, कॅस्ट्रीजहून वळणावळणाचा दीड-दोन तासांचा रस्ता आहे. तिथेच ला फार्गला हस्तकला केंद्र आहे. इथली 'कोल पॉट' म्हणजे आपली मातीची शेगडी, उघड्या जाळात भाजलेली आणि ठिसूळ. ती मोठ्या बॅगेत टाकाल तर तुकडे घेऊन उतराल. कपड्यांत गुंडाळून हातात न्यायची. हेवानोरा विमानतळावर घेऊ म्हणून काही शिल्लक ठेवू नका.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. कोको स्टिक घ्या, डोळे झाकून घ्या. शुद्ध कोकोची ही कांडी किसून दालचिनी-जायफळासोबत उकळतात आणि दूध-साखर घालून पितात, त्याला इथे कोको टी म्हणतात. मुंबईच्या उकाड्यात ती मऊ पडते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जुन्या बाटलीत साली-मसाले घालून विकतात ती बिनलेबलची रम मात्र नेऊ नका, बूच गळतं आणि कपडे जातात. रम हवी तर कंपनीची सीलबंद घ्या. अमेरिकेमार्गे परतत असाल तर तिथे सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं, तेव्हा बाटली मोठ्या बॅगेत टाका. भारतात करमुक्त मर्यादा माणशी 2 लिटर आहे. बिया आणि रोपं नकोत.

तुंबी कोरून केलेले वाडगे आणि लाकडी वस्तू घरी नेल्यावर मी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवायला सांगते. आत कीड असेल तर मरते.

शेवटचं म्हणजे लष्करी नक्षीचे कपडे. टोपी, अर्धी चड्डी, लहान मुलाचा शर्ट, काहीही असो. सेंट लुशियात नागरिकांनी ते घालणं कायद्याने गुन्हा आहे, बार्बाडोस, जमैका, त्रिनिदादमध्येही तेच. इथे उतरायच्या आधीच बॅगेतून काढून ठेवा.