ठिपके दिसत नाहीत, म्हणून पिंगळ्याचा रानपिंगळा करू नका

दिवेलागणीला मोबाइलवर काढलेला फोटो. विजेच्या तारेवर छोटंसं घुबड, सगळं तपकिरी. डोक्यावर ठिपके दिसेनात, म्हणून मी त्याला रानपिंगळा, म्हणजे पिंगळ्यासारखंच दिसणारं जंगलातलं दुर्मीळ घुबड, ठरवून मोकळा झालो. मग त्याच संध्याकाळचा आणखी एक, जरा कमी हललेला फोटो उघडला. त्यात डोकंभर पांढरे ठिपके होते. आपला नेहमीचा पिंगळा!

धूसर फोटोतली सगळ्यात मोठी चूक हीच. जे दिसत नाही, ते पक्ष्याच्या अंगावर नाहीच असं आपण धरून चालतो. फोटो हलला की आधी बारीक ठिपके आणि रेषा पुसल्या जातात. मोठे रंगपट्टे बरेच टिकतात आणि शरीराचा आकार सगळ्यात शेवटपर्यंत राहतो. म्हणून टिकणाऱ्या खुणांपासून सुरुवात करा. रानपिंगळ्याची छाती जवळजवळ सलग गडद तपकिरी, खाली पोट पांढरं आणि शेपटीवर ठळक आडवे पट्टे. हे वाईट फोटोतही बऱ्याचदा कळतं. ठिकाणही बघा. १८८४ नंतर खात्रीची नोंद नसलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. सातपुडा, मेळघाट, तानसा इथली सागाची, पानगळीची जंगलं हे त्याचं घर. गावातल्या आंब्यावर किंवा तारेवर बसलेला बहुतेक वेळा साधा पिंगळाच असतो.

रंगावरही फार विसंबू नका. मागून उजेड आला की सगळे पक्षी काळे होतात आणि मावळतीच्या उन्हात पांढरा पक्षी नारिंगी दिसतो. ढोकरीला, म्हणजे पाण्याकाठच्या छोट्या बगळ्याला, तर उजेडाचीही गरज नाही: बसलेली मातकट, उडाली की पांढरीशुभ्र. दोन फोटो पाहून दोन पक्षी समजणारे मी पाहिलेत.

कोकणात ब्राह्मणी घारीची पिल्लं तपकिरी असतात, साध्या घारीसारखीच. तिथे शेपूट बघा. साध्या घारीची दुभंगलेली, ब्राह्मणीची गोलसर. पण साध्या घारीने शेपूट पूर्ण पसरली की ती खाच जवळजवळ नाहीशी होते, तेव्हा एकाच फोटोवर निकाल देऊ नका. पावशा हा कोकिळेच्या कुळातला, पण त्यालाही लोक सर्रास शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, म्हणतात. शिक्र्याची चोच आकड्यासारखी आणि पाय शिकाऱ्याचे. पावशाची चोच त्यामानाने सरळ.

आकाराचा अंदाज झूम केलेल्या फोटोवरून बांधूच नका. शेजारचं पान किंवा तार मापाला घ्या.

फोटो धारदार करणारी साधनं वापरू नका, कारण ती कधी कधी नसलेली पिसं रंगवतात. ओळखणाऱ्याला मूळ फाइल द्या, कातरलेली नको. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत गाव, तारीख, वेळ आणि पक्षी काय करत होता ते लिहा. मर्लिनसारख्या पक्षी ओळखणाऱ्या ॲपलाही जागा आणि तारीख खरी सांगा. त्याने सुचवलेलं नाव मात्र खुणांशी ताडून बघितल्याशिवाय नोंदीत चढवू नका. शंका उरली तर ‘छोटं घुबड, जात अनिश्चित’ ही नोंद पूर्णपणे प्रामाणिक आहे.

त्या तारेखाली मी दुसऱ्या संध्याकाळी परत गेलो. फोटो आदल्या दिवसासारखाच आला. पण अंधार पडताना दोन पिंगळ्यांनी कर्कश कलकलाट सुरू केला आणि तो मोबाइलवर स्वच्छ रेकॉर्ड झाला.