पुणं एकट्याने फिरायचं, तेही दूध-तुपाशिवाय

“मी शाकाहारी आहे” असं पुण्यात सांगून व्हीगन, म्हणजे दूध-मधासकट प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणाऱ्या, माणसाच्या हाती काही लागत नाही. इथल्या शाकाहारात दूध, दही, ताक, लोणी सगळं येतं आणि पाहुण्याच्या वरणभातावर तूप वाढणं हे प्रेमाचं काम समजतात. सुरुवातीला मी नुसतं “व्हीगन” म्हणायचे. एका हॉटेलात त्यावर अगदी आपुलकीने पनीरची भाजी आली.

तरीही वेगळं व्हीगन हॉटेल शोधत शहरभर हिंडू नका, असंच मी सांगेन. इथलं रोजचं जेवण बहुतेक तेलाच्या फोडणीचं असतं. त्यात कडधान्यं, डाळी, शेंगदाण्याचा कूट, ओलं खोबरं असतं. तूप बहुतेक वेळा वरून येतं. ते ताटात पडायच्या आधी थांबवता आलं पाहिजे.

आधी एक वाक्य पाठ करा

“काका, मला दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर, मध काही चालत नाही. फोडणी तेलाचीच आहे ना?”

यातला “चालत नाही” हा शब्द महत्त्वाचा. “नको” म्हटलं की समोरच्याला तो संकोच वाटतो आणि आग्रह सुरू होतो: “अहो, थोडंसं घ्या, घरचं साजूक आहे!” “चालत नाही” म्हटलं की आग्रह बहुतेक थांबतो. पथ्य असेल, व्रत असेल, असं समजून लोक कारणही विचारत नाहीत. हे वाक्य बसल्या-बसल्या सांगा, ताट आल्यावर नाही. एकटं असल्याचा इथे फायदा होतो. थेट गल्ल्यापाशी जाऊन, गर्दी नसताना, नीट विचारता येतं.

सकाळी लवकर पेठांत शिरा

मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरा. पुणे स्टेशनहून येत असाल तर जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून स्वारगेटच्या दिशेने जा. शनिवारवाडा तिथून चालत गाठता येतो. पहिल्या बाजीरावांनी १७३२ मध्ये बांधलेल्या या वाड्याच्या आतल्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या. तट, दिल्ली दरवाजा आणि जोती उरली आहेत. जवळच लाल महाल आणि ग्रामदैवत कसबा गणपती.

देवळात पंचामृताचं तीर्थ हातावर आलं तर गोंधळायला होतं, कारण त्यात दूध, दही, तूप, मध सगळंच असतं. मी नमस्कार करून हात जोडलेलेच ठेवते आणि “खोबरं असेल तर द्या ना” म्हणते. आजवर कुणाला त्याचं वाईट वाटलेलं पाहिलं नाही.

नाश्त्याला मिसळ खा. तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन किंवा नारायण पेठेतली बेडेकर मिसळ, दोन्ही पायी गाठता येतात. पुणेरी मिसळीत पोहे असतात, वर फरसाण आणि सोबत सॅम्पल, म्हणजे तिखट रस्सा. प्रश्न उरतो तो सोबतच्या ब्रेडच्या स्लाइसचा. ब्रेडमध्ये दुधाची पावडर असू शकते, म्हणून मी मिसळ नुसतीच खाते. बाक भरलेला असेल तर “बसू का?” विचारून अनोळखी माणसांशेजारी बसा. एकट्याने फिरताना माझ्या सगळ्यात छान गप्पा अशाच झाल्या आहेत. साबुदाण्याची खिचडी मात्र बहुतेक तुपातली असते, ती विचारल्याशिवाय मागवू नका.

मग मंडई. १८८६ मध्ये सुरू झालेली ही अष्टकोनी दगडी इमारत आज महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाते. हंगाम असेल तर पुरंदरची अंजिरं किंवा सीताफळं घ्या, दिवसभराची सोय होते. फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली तो भिडेवाडाही याच भागात होता. वाडा आता उरलेला नाही, तरी त्या जागेपाशी थोडा वेळ थांबा.

दुपारचं ताट

थाळीत सगळ्यात जास्त सावध राहावं लागतं. लोणी न लावलेली भाकरी बिनघोर खावी, पोळीला मात्र तूप लावलेलं असतं. कोशिंबीर दह्यातली आहे की नुसती लिंबू पिळलेली, हे विचारा. कढी, मठ्ठा, श्रीखंड यांच्या वाट्या सुरुवातीलाच परत करा, म्हणजे अन्न वाया जात नाही. मसालेभात आला की हात ताटावर आडवा धरा, कारण वाढपी तुपाचं भांडं घेऊन मागेच असतो. उसळ, आमटी, भरली वांगी, अळूची भाजी पोटभर खा.

एक ते चार पेठांतली बरीच दुकानं बंद असतात. हा वेळ राजा दिनकर केळकर संग्रहालयाला द्या. अडकित्ते, दिवे आणि जुन्या स्वयंपाकघरातली भांडी पाहताना तास कुठे गेला कळत नाही.

तहान आणि खाऊ

अमृततुल्य म्हणवणाऱ्या चहाच्या दुकानांतल्या चहात दूध असतं आणि मस्तानी तर दूध-आइस्क्रीमचीच. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला की तिकडे वळा, किंवा कोकम सरबत घ्या. पाकिटातला खाऊ घेताना हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, दुधाच्या पदार्थांवरही तो असतो. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनी वेगळं चिन्ह ठरवलं आहे: हिरवा इंग्रजी ‘व्ही’ आणि त्यावर पान. ते नसेल तर घटकांच्या यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन हे दुधाचे घटक आहेत का ते पाहा.

संध्याकाळ

मेट्रोनेच डेक्कनला या. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं एकाच खडकात कोरलेलं आहे आणि एकट्याने शांत बसायला यासारखी जागा नाही. दम असेल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढा, मावळतीला सगळं शहर खाली दिसतं. अंधार पडायच्या आत उतरा आणि रात्री रिक्षा ॲपवरून बोलवा, म्हणजे प्रवासाची नोंद राहते.

फर्ग्युसन रस्त्यावर डोसा खायचा असेल तर “तेलावर करा, बटर चालत नाही” सांगा आणि चटणीत दही आहे का, तेही विचारा. माझी रात्र मात्र पिठलं-भाकरीवरच संपते. सोबत ठेचा आणि फोडलेला कांदा. ऑर्डर देतानाच “लोणी चालत नाही” सांगून टाका, कारण भाकरी टेबलावर येते तेव्हा गोळा तिच्यावर ठेवलेलाच असतो.