हप्ता खात्यातून कापायचा की कार्डावरून? या चुका टाळा

नागपुरात सक्करदऱ्याला रिटर्न भरून द्यायचं माझं छोटं ऑफिस आहे. लोक येतात टॅक्ससाठी आणि पासबुक पुढे करून विचारतात, "भाऊ, हे पैसे काऊन कटले?" निम्म्या वेळा उत्तर त्यांच्याच सहीत असतं.

सगळ्यात महागडी चूक तारखेची. माझा मावसभाऊ बुटीबोरीच्या एका कारखान्यात आहे, पगार 7 तारखेला. दुचाकी घेताना शोरूममधल्या पोराने हप्त्याची तारीख विचारली, तर साहेब म्हणाले, "टाकून दे ना बापा कोणतीबी!" त्याने 5 टाकली. गाडी लवकर हातात पडावी एवढीच घाई. पहिला हप्ता उसनवारीवर निघाला. दुसऱ्या महिन्यात हा 5 तारखेला अकरा वाजता बँकेत रोख भरायला गेला. नॅचची, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायच्या व्यवस्थेची, मागणी सकाळीच खात्यावर येते, तोवर हप्ता बाऊन्स झाला होता. बँकेचा दंड 295, फायनान्सवाल्यांचा 590, दोन्ही जीएसटीसकट. वसुलीवाल्याचा फोन आला तसा घाबरून त्याने 6 तारखेला यूपीआयने हप्ता भरला. 8 तारखेला फायनान्स कंपनीने तीच मागणी पुन्हा लावली आणि नुकत्याच आलेल्या पगारातून तोच हप्ता दुसऱ्यांदा गेला. परत मिळायला तीन आठवडे लागले, तेही मी रोज फोन केले म्हणून.

तेव्हा तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांची घ्या आणि पैसे आदल्या संध्याकाळीच खात्यात ठेवा. बाऊन्स झालाच, तर भरण्याआधी "पुन्हा मागणी लावणार का?" हे लेखी विचारा. नॅचचा बाऊन्स म्हणजे नुसता दंड नव्हे. 2007 च्या पेमेंट कायद्याच्या कलम 25 खाली, चेक वटला नाही तर होतो तसाच तो गुन्हा ठरू शकतो.

माझी सवय म्हणाल तर हप्त्यांचं खातं वेगळं. त्याला यूपीआय जोडलेलंच नाही, त्यामुळे चहा-तर्रीपोहे त्यातून कधी जात नाहीत. दोन हप्ते कायम पडून असतात. पैसा अडकतो म्हणून लोक हसतात. हसू द्या.

मँडेटच्या, म्हणजे खात्यातून पैसे कापायच्या परवानगीच्या, फॉर्मवर 'फिक्स्ड' (ठरलेली रक्कम) आणि 'मॅक्झिमम' (जास्तीत जास्त रक्कम) असे दोन चौकोन असतात, ते वाचा. मॅक्झिममपुढे हप्त्याच्या दुप्पट रकमा मी पाहिल्यात.

कार्डाची गोष्ट उलटी. तिथे पैसे नको तेव्हा जाण्यापेक्षा हवे तेव्हा न जाण्याची भीती जास्त. यात मीही आपटलोय. आरोग्य विम्याचा प्रीमियम कार्डावर लावला होता. कार्डाची मुदत संपली, नवं आलं, मी खुशाल पाकिटात टाकलं. जुन्या कार्डावरची परवानगी नव्या कार्डावर आपोआप आलीच नाही. प्रीमियम गेला नाही, आणि कंपनीचा ईमेल जाहिरातींच्या ढिगात पडून राहिला. सवलतीच्या मुदतीत सापडला म्हणून पॉलिसी वाचली.

कार्डावरच्या नेहमीच्या वसुलीला ऑक्टोबर 2021 पासून नियम कडक आहेत. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते, आणि 15,000 च्या वरची रक्कम ओटीपीशिवाय जात नाही. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना ही मर्यादा डिसेंबर 2023 पासून एक लाख आहे. सूचना येते खरी, पण आमची मंडळी ती न वाचताच पुसतात. मग म्हणतात, बँकेने न विचारता कापले!

म्हणून माझ्याकडे वाटणी ठरलेली आहे. जे थांबलं तर घर अडचणीत येईल, म्हणजे कर्ज आणि विमा, ते खात्यातून. जे उद्या बंद करावंसं वाटेल, सिनेमाचे अ‍ॅप वगैरे, ते कार्डावर किंवा यूपीआय ऑटोपेवर, म्हणजे यूपीआयमधून आपोआप पैसे जायच्या सोयीवर.

अ‍ॅप मोबाइलवरून काढलं म्हणजे ऑटोपे बंद झालं नाही. ते यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे यादीत जाऊन रद्द करावं लागतं.

कर्ज फिटल्यावर एनओसीसोबत (ना हरकत दाखल्यासोबत) मँडेट रद्द झाल्याचंही लेखी घ्या. आणि कर्ज चालू असताना मँडेट रद्द करून हुशारी दाखवू नका. देणं तसंच राहतं, वर क्रेडिट स्कोअर जातो.

चुकीचे पैसे गेले तर आधी बँकेत लेखी तक्रार. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाइन, फुकट. आपल्या गावात रिझर्व्ह बँकेची इमारत आहे म्हणून तिथे पासबुक घेऊन जाऊ नका. मावसभाऊ गेला होता, गेटवरूनच परत आला.