वखरावर उभे राहिलेल्यांसाठी सेगवे: माल्टा बेटावरील सफरीची तयारी गावातूनच कशी करावी

सेगवे म्हणजे दोन चाकांच्या मधल्या पाटावर उभे राहून चालवायचे, विजेवरचे वाहन. त्याची चाके सायकलीसारखी एकामागे एक नसून आपल्या बंडीसारखी शेजारी शेजारी असतात. त्याला वेग वाढवण्याची मूठ नसते आणि ब्रेकही नसतो. अंगाचा भार पुढे गेला की ते पुढे जाते आणि भार मागे आला की थांबते. अमेरिकेत डिसेंबर २००१ मध्ये ते प्रथम लोकांसमोर आले आणि जुलै २०२० मध्ये त्याचे मूळ दोन चाकी उत्पादन बंद झाले. तरीही पर्यटनाच्या ठिकाणी वाटाड्यासह निघणाऱ्या सफरींसाठी ते अजून वापरले जाते. मूळ बनावटीचे यंत्र मिळाले तर ते काही वर्षे वापरलेलेच असणार, हे मात्र पैसे भरण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

आमचा मुलगा भूमध्य समुद्रातील माल्टा या बेटांच्या देशात नोकरीला असल्यामुळे मी, पत्नी, थोरले बंधू आणि पुतणी अशा चौघांना तेथील डिंगली कड्यांच्या भागात अशी सफर करता आली. आर्वी तालुक्यातील कास्तकाराला परक्या बेटावर जाऊन उभ्याने गाडी हाकण्याची हौस कशाला, असे गावात काहींनी विचारले. प्रत्यक्षात या कामाची निम्मी तयारी वावरातच झालेली असते. उरलेली निम्मी निघण्यापूर्वी गावात कशी करावी, हे सांगण्यासाठी हे लिहिले आहे.

पहिले काम वजन करण्याचे आहे. चालकाचे वजन साधारण ४५ ते ११८ किलोच्या दरम्यान असावे, अशी उत्पादकाने घातलेली मर्यादा आहे. वरची मर्यादा कोणालाही समजते. खालची मर्यादा अनेकांना उगाच घातलेली वाटते आणि ती जास्त महत्त्वाची आहे. हलक्या माणसाचा भार मागे गेला, तरी यंत्राला थांबवण्याइतका तो पुरत नाही. म्हणजे हलका माणूस निघू शकेल, पण वेळेवर थांबेलच असे नाही. कापूस मोजायचा काटा दारात असताना आम्ही त्यावर एकदाही उभे राहिलो नाही, आणि आगाऊ पैसे घेणाऱ्यांनीही वजनाची अट सांगितली नाही. पुतणी ४१ किलोची निघाली. शिरस्त्राण डोक्यावर चढवून उभ्या असलेल्या मुलीला आयत्या वेळी खाली उतरवले गेले, तिचे पैसे परत मिळाले नाहीत आणि दोन तास ती मोटारीत बसून राहिली. त्यामुळे वजनाची, वयाची आणि पैसे परत मिळण्याची अट आधीच लेखी मागून घ्यावी. गरोदर स्त्रियांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि गुडघ्याचे किंवा कमरेचे दुखणे असणाऱ्यांनी हा बेत करू नये.

दुसरी तयारी उभे राहण्याची. पेरणीपूर्वी ढेकळे फुटत नाहीत आणि वखराची पास जमिनीत धरत नाही, तेव्हा माणूस वखरावर उभा राहतो. त्याची उभे राहण्याची रीत आठवून पाहावी. गुडघे ताठ नसतात, नजर पायांकडे नसून बैलांच्या पुढे असते आणि कासरा हातात सैल असतो. कासऱ्याला लोंबकळून तोल सांभाळू पाहणारा नवखा माणूस बैलांना थांबवतो आणि स्वतः तोंडघशी पडतो. सेगवेला समोर हातात धरायला जो उभा दांडा असतो, त्याचेही असेच आहे. तो वळण्यासाठी आहे, आधारासाठी नाही. दांडा ओढला की आपला भार मागे जातो, यंत्र मागे सरकते, घाबरून आपण तो पुढे ढकलतो आणि यंत्र पुढे धावते. पाहणाऱ्याला वाटते की यंत्र बिघडले आहे, पण ते बिचारे सांगितलेले ऐकत असते.

यामागची युक्ती मुलांच्या खेळातली आहे. तळहातावर उभी काठी तोलणारे पोर, काठी ज्या बाजूला कलते त्या बाजूला हात नेते. यंत्राच्या आतील कलमापक आणि घूर्णदर्शी (जायरोस्कोप) आपले शरीर किती कलले हे सतत मोजतात आणि चाके त्याच बाजूला पळवून आपल्या खाली आणतात. आपण काठी, यंत्र तळहात. म्हणून महत्त्व वाकण्याला नसून भार सरकण्याला आहे. कमरेतून वाकले तर डोके पुढे आणि कंबर मागे जाते, भार जागच्या जागी राहतो आणि यंत्र हलत नाही. घोट्यातून, अंग एका रेषेत ठेवून कलले की भार चवड्यांवर येतो आणि यंत्र निघते.

याचा सराव अंगणात करता येतो. कोठ्याच्या भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहावे, गुडघे किंचित सैल सोडावे, चवड्यांवर भार घ्यावा, परत मध्यावर यावे आणि मग टाचांवर भार न्यावा. टाचांवर जाताना पाटावर बसायला निघाल्यासारखे थोडे खाली यावे. थांबण्याची क्रिया हीच आहे. रोज दहा मिनिटे, पंधरा दिवस पुरे. बंधूंनी या सरावाला हसून नकार दिला होता आणि पहिल्या पाच मिनिटांत सर्वांत जास्त घाम त्यांनाच फुटला, एवढे नोंदवून ठेवतो. याशिवाय दीड तास एका जागी उभे राहिल्यावर तळव्यांना मुंग्या येतात, कारण चालताना पाय मोकळे होतात तसे येथे होत नाहीत. बोटे बुटातल्या बुटात हलवत राहावे.

कपड्यांबाबत मी आग्रही आहे. मोटारसायकलच्या चाकात पदर किंवा ओढणी गेल्याची एखादी तरी घटना आपल्याकडे प्रत्येक गावाला माहीत असते. सेगवेची चाके पायांच्या अगदी लगत फिरतात. साडी, धोतर, सैल पायजमा आणि खांद्यावरचा दुपट्टा हे सर्व मुक्कामावर ठेवावे. पत्नीने सलवार-कमीज घातली आणि ओढणी घेतलीच नाही. सपाट तळव्याचे, नाडीचे बंद बूट घालावे. चप्पल चालत नाही. शिरस्त्राणाखाली जाड फडके बांधू नये, कारण त्यामुळे ते सैल बसते. हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटे जावीत, तिसरे जाऊ नये. पिशवी दांड्याला लटकवू नये. तिच्या वजनाने यंत्राचा तोल बदलतो.

कधी जावे, याचे उत्तर आपल्या शेतीच्या कामाशी चांगले जुळते. कापसाची वेचणी आणि तुरीची काढणी उरकल्यावर, खरिपाची मशागत अंगावर येण्यापूर्वी, म्हणजे एप्रिलच्या सुमारास, माल्टाचे रान हिरवे आणि फुलांचे असते. जुलै-ऑगस्टमध्ये तेथे पाऊस जवळजवळ नसतो आणि रान वाळून पिवळे पडते. आपल्याला एरवीही पिवळे रान पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. पाऊस मुख्यतः ऑक्टोबरनंतर हिवाळ्यात पडतो आणि ओल्या चुनखडीवर चाके घसरतात. कागदपत्रांचे थोडक्यात सांगायचे तर माल्टा २००७ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. त्यामुळे त्या क्षेत्राचा व्हिसा, किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासी आरोग्य विमा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध राहणारे पारपत्र लागते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. असल्या सफरीतील इजा विम्यात धरली आहे का, हे विमा घेतानाच विचारावे.

सफरीच्या ठिकाणी प्रथम जबाबदारीच्या कागदावर सही घेतात. तो कागद घाईत पुढे केला जातो आणि इंग्रजीत असतो. मुलाकडून प्रत्येक ओळ मराठीत समजून घेतल्याशिवाय मी सही केली नाही आणि वाटाड्या त्यावर रागावलाही नाही. त्यानंतर मोकळ्या जागेत पंधरा-वीस मिनिटांचे शिक्षण होते. वाटाड्या समोरून दांडा धरतो. एक पाय पाटावर ठेवावा, क्षणभर थांबावे, मग दुसरा ठेवावा. दुसरा पाय चढताच यंत्र थरथरते आणि प्रत्येक नवख्याला वाटते की आता आपण गेलो. ती थरथर आपल्याच पायांची असते. लांबवरच्या एका झाडाकडे पाहत दोन श्वास घेतले की आपण स्थिर होतो आणि यंत्रही स्थिर होते. वळायचे असेल त्या बाजूला दांडा हळूच कलवावा. उतरताना आधी पूर्ण थांबावे, एक पाय मागे जमिनीवर टेकवावा, मग दुसरा, आणि दोन्ही पाय जमिनीवर येईपर्यंत दांडा सोडू नये. बहुतेक फजिती चढताना होत नाही, उतरताना होते, कारण तोवर माणूस स्वतःला उस्ताद समजू लागलेला असतो.

एक गोष्ट शिकवताना नीट ऐकावी. ठरवलेल्या कमाल वेगाला पोहोचताच यंत्र दांडा आपल्या अंगाकडे रेटते आणि पाट मागे झुकवते, जेणेकरून आपण मागे कलून सावकाश व्हावे. नवख्याला तो अडथळा वाटतो आणि तो जोर लावून पुढे रेटतो. असे कधीही करू नये. साधारण ताशी २० किलोमीटर ही यंत्राची मर्यादा आहे आणि नवख्यांसाठी ती आणखी खाली बांधून ठेवता येते. वाटाड्याला तशी विनंती करण्यात कमीपणा नाही.

रस्त्यावर गट एका ओळीत जातो. माल्टातही वाहतूक आपल्यासारखी डावीकडून असल्यामुळे डोळ्यांना वेगळी सवय लावावी लागत नाही, ही मोठी सोय आहे. शेतरस्ते आपल्या पांदणीइतके अरुंद असून दोन्ही बाजूंना चुना-माती न वापरता रचलेल्या चुनखडी दगडांच्या भिंती असतात. आपल्याकडे धुऱ्यावर माती अडवतात तसे काम त्या करतात, आणि फटींतून पाणी निघून जाते. धुऱ्यांवर निवडुंग, आत कांदे, बटाटे, द्राक्षे. हे सर्व पाहण्यासारखे आहे, परंतु थांबून पाहावे. मळवाटेवर चालणाऱ्या सेगवेची रुंदी पाऊण मीटरहून अधिक असते आणि चाके आपल्या खांद्यांच्या बाहेर जातात. मान वळवून शेत पाहणाऱ्याचे चाक भिंतीला घासते आणि यंत्र जागच्या जागी फिरते. एकाच चाकाखाली दगड येणे हेही पडण्याचे नेहमीचे कारण आहे. दगड टाळता येत नसेल तर गुडघे सैल ठेवून दोन्ही चाके सरळ न्यावी, आणि शंका वाटली तर उतरून यंत्र हाताने चालवत न्यावे. सुट्या खडीवर वेग वाढवू नये. उतारावर भार टाचांकडे ठेवावा. पुढच्या गाडीपासून चार-पाच मीटर अंतर राखावे.

डिंगलीचे कडे समुद्रापासून सुमारे २५० मीटर उंच आहेत आणि अनेक ठिकाणी कठडा नाही. तेथे यंत्र रस्त्यालगत उभे करून पायीच पुढे जावे, आणि कड्याच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याचा अंदाज घेऊन जावे. ही भित्रेपणाची सूचना नाही. ही यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे तेव्हाचे मालकच २०१० मध्ये इंग्लंडमध्ये सेगवे चालवताना कड्यावरून पडून मरण पावले. कड्यावर १६४६ मध्ये बांधलेले मेरी मॅग्डालेनचे छोटेसे प्रार्थनामंदिर आहे, त्याच्या भिंतीच्या आडोशाला बसून समुद्र पाहावा. दूर फिलफ्ला नावाचे ओसाड बेट दिसते. ब्रिटिश आरमार १९७१ पर्यंत त्याच्यावर तोफांचा सराव करत असे. आता ते पक्ष्यांसाठी राखीव आहे.

वाटाड्याला आधीच सांगून जवळच्या चाकोऱ्यांपाशी किमान वीस मिनिटांचा थांबा मागून घ्यावा. उघड्या चुनखडीच्या पठारावर दोन-दोन समांतर खोल रेघा कोरलेल्या आहेत, कोठे एकमेकींना छेदतात, कोठे दुभंगतात. या गुंत्यावरूनच एका लंडनच्या रेल्वे जंक्शनचे नाव इंग्रजांनी त्या जागेला दिले. त्या कोणी, केव्हा आणि कशाने पडल्या यावर विद्वानांचे एकमत नाही. चाक अडकते म्हणून यंत्र त्यांच्यावरून नेऊ नये, आणि त्या पायी चालूनच नीट दिसतात. बंधू एका चाकोरीत उतरले, तेव्हा पाय पिंढरीपर्यंत आत गेला. दुसरी चाकोरी पावलांनी मोजून ते म्हणाले, "हे तं आपल्या पांदनीवानीच हाय, फक्त माती नाही." मग खाली बसून त्यांनी दगडाच्या कडेवर बोट फिरवले आणि एका बाजूची चाकोरी अधिक खोल का, ओझे त्या अंगाला जास्त होते की उतार तिकडे होता, हे वाटाड्याला विचारायला मुलाला सांगितले. वाटाड्याने डोके खाजवले आणि तोही त्यांच्या शेजारी खाली बसला.